घराबाहेर कपडे वाळत घालण्याची तार: निवड आणि बांधणीविषयी सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ऊन भरपूर आहे, त्यामुळे कपडे वाळतील की नाही ही चिंता पावसाळ्याचे दिवस सोडले तर फारशी नसते. इथली अडचण निराळी आहे. शहराच्या बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि पाण्याचा दिवस आला की साचलेले कपडे, चादरी, टॉवेल, पडदे असे सगळेच एका सकाळी धुतले जाते. एरवी हलक्या धुण्यावर वर्षानुवर्षे टिकली असती अशी तार त्या एका सकाळच्या ओझ्याने खाली येते, हुक भिंतीतून उपटतो किंवा खांब वाकतो. फॅब्रिकेशनच्या कामामुळे गेली बरीच वर्षे मी अशा तारा बांधत आलो आहे, आणि लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे इथे सविस्तर देत आहे.

एका कुटुंबाला एकूण किती लांबीची तार लागते?

अंदाजाने सांगण्यापेक्षा आपल्या घरचे पाण्याच्या दिवसाचे धुणे मोजावे. दीड बाय सव्वादोन मीटरची सोलापुरी चादर तारेवर मधोमध टाकली की दीड मीटर जागा घेते. पाचवारी साडी चौघडी करून टाकली तरी जवळपास 1.4 मीटर जाते आणि नऊवारीला त्याहून बरीच जास्त जागा लागते. मोठा टॉवेल पाऊण मीटर, शर्ट किंवा कुर्ता 60 सेंटिमीटर, पँट 45 सेंटिमीटर असे धरावे. दोन चादरी, दोन साड्या, पाच टॉवेल, सहा शर्ट, चार पँटी आणि लहानसहान कपड्यांसाठी तीन मीटर असा हिशेब केला, तर बेरीज 18 मीटरच्या आसपास जाते. याचा अर्थ पाच माणसांच्या घराला पाच-पाच मीटरच्या चार तारा हव्यात. दोन तारांवर भागवायचे ठरवले तर कपडे एकमेकांवर चढतात, मधले ओलेच राहतात आणि सगळे वजन त्याच दोन तारांवर येते.

ओल्या कपड्यांचे वजन किती धरावे?

हाताने पिळलेल्या सुती कपड्याचे वजन कोरड्याच्या जवळपास दुप्पट असते, तर वॉशिंग मशीनमध्ये चांगले फिरवून काढलेल्याचे साधारण दीडपट भरते. वर सांगितलेले धुणे कोरडे असताना दहा किलोच्या आसपास असेल, म्हणजे हाताने धुणाऱ्या घरात तारांवर वीस किलो चढतात. हे वीस किलो चारही तारांवर सारखे वाटले जात नाहीत. चादरी एका ओळीत टाकायची आपली सवय असते, त्यामुळे एका तारेवर आठ-दहा किलो सहज जमतात. म्हणून दर तारेला किमान दहा किलोचा भार धरून चालावे. घरात जाड डबल चादरी किंवा गोधड्या धुतल्या जात असतील, तर हा आकडा पंधरा किलोपर्यंत न्यावा.

तार जितकी ताठ ओढू तितकी मजबूत, हे खरे ना?

नाही, आणि इतका नेमका उलटा समज मला दुसऱ्या कोणत्याही बाबतीत आढळलेला नाही. तार ताठ दिसली की काम नीटनेटके झाल्यासारखे वाटते, हे मान्य. परंतु आडव्या तारेवर वजन टाकले की तारेने ते वर उचलून धरायचे असते, आणि ती जवळजवळ सपाट असेल तर थोडेसे वजन उचलण्यासाठीही तिला दोन्ही टोकांना प्रचंड जोराने ओढावे लागते. हा ओढ काढण्याचा हिशेब सोपा आहे: तारेवरच्या एकूण वजनाला दोन आधारांमधल्या अंतराने गुणायचे आणि मधोमध पडलेल्या झोळाच्या आठपटीने भागायचे.

समजा तार पाच मीटरची आहे आणि तिच्यावर दहा किलो कपडे पसरले आहेत. भार पडल्यावर मधोमध 20 सेंटिमीटर झोळ येत असेल, तर प्रत्येक टोकावर सुमारे 31 किलोची ओढ येते. झोळ 10 सेंटिमीटर ठेवला तर ती ओढ 62 किलो होते, आणि तार इतकी ताणली की झोळ 5 सेंटिमीटरच राहावा, तर 125 किलो. कपडे तेच, तारही तीच, मात्र भिंतीतल्या हुकावरचा ताण चौपट. अशा चार तारा एकाच चौकटीला बांधल्या की त्या चौकटीला अर्धा टन ओढ सोसावी लागते. खांब वाकलेला किंवा प्लास्टर निखळलेले पाहायला मला बोलावतात, तेव्हा दहांतल्या बहुतेक वेळा तार कमकुवत नसते; कोणीतरी टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेचाचा जोड, हौसेने शेवटपर्यंत आवळलेला असतो.

पाच मीटरच्या तारेला भारासह 15 ते 20 सेंटिमीटर झोळ राहू द्यावा. अंतर सहा मीटरच्या पुढे जात असेल तर मध्ये एक आधार घ्यावा, कारण अंतर वाढले की ओढही त्याच प्रमाणात वाढते आणि वर कपडेही जास्त मावतात.

तार घ्यावी की दोरी? आणि कोणती?

सोलापूरच्या उन्हाला पुरून उरणारी वस्तू घ्यायची असेल तर स्टेनलेस स्टीलची पिळाची तार, तीन मिलिमीटर जाडीची, 304 प्रतीची. आपले शहर समुद्रापासून लांब असल्यामुळे खाऱ्या हवेसाठी बनवलेल्या 316 प्रतीवर जादा पैसे घालण्याचे कारण नाही. दुकानात 202 प्रतीची तार स्वस्त मिळते आणि ती काही वर्षे ठीकही दिसते, पण गंजापुढे ती 304 इतकी टिकत नाही. चुंबक लावून पारख करण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण 202 आणि 304 या दोन्हींना चुंबक फारसे चिकटत नाही. म्हणून खात्रीच्या हार्डवेअरच्या दुकानातून घ्यावी आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी.

जीआय तार स्वस्त असते आणि जस्ताचा थर शाबूत असेपर्यंत चांगली असते. चिमट्यांच्या घर्षणाने तो थर एकदा गेला की पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तांबूस रेघ उमटते, आणि गंजाचा डाग धुण्याने जात नाही. प्लास्टिकचे आवरण असलेली लोखंडी तार दिसायला स्वच्छ, पण तीन-चार उन्हाळ्यांत आवरणाला बारीक भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि गंज आतल्या आत पसरतो, जो आपल्याला डाग पडल्यावरच कळतो. ती घ्यायचीच असेल तर कापलेली टोके उघडी ठेवू नयेत.

नायलॉनची दोरी मऊ असते, डाग पाडत नाही आणि ओली झाली की थोडी सैलावते. तिचा खरा शत्रू ऊन आहे. बाजारात मिळणारी रंगीत प्लास्टिकची दोरी तर एप्रिल-मे उघड्यावर काढल्यानंतर बोटांत चुरली की भुकटी सोडते. तरीही दोरीला मी नावे ठेवणार नाही, कारण काही ठिकाणी धातूची तार बांधणे धोक्याचे असते आणि तिथे दोरीच योग्य असते. त्याविषयी पुढे विजेच्या प्रश्नात लिहिले आहे. दोरी वापरणाऱ्यांनी ती दरवर्षी, पाऊस संपल्यावर नव्हे तर उन्हाळा संपल्यावर, बदलावी.

अंगणात खांब रोवायचे आहेत. किती खोल खड्डा घ्यावा?

इथे उत्तर मातीवर अवलंबून आहे आणि सोलापुरात माती म्हणजे बहुतेक ठिकाणी काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ रोवलेला खांब वर्षातून दोनदा हलवला जातो. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या स्वतःच्या घरी पहिली तार बांधली तेव्हा दीड फूट खड्डा घेऊन, वाळू-सिमेंट ओतून, दोन पाइप अगदी ओळंब्यात उभे केले होते. मे महिन्यात ते सरळ होते. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन्ही पाइप एकमेकांकडे झुकले होते, तार गुडघ्यापर्यंत लोंबत होती आणि आईच्या दोन चादरींचे काठ चिखलात बुडाले होते. तिने त्या पुन्हा धुतल्या, पाणी यायला अजून तीन दिवस असताना. ते खड्डे मी मग पुन्हा खणले.

काळी माती पूर्ण ओलांडून खालचा मुरूम लागेपर्यंत खणावे, हा पहिला नियम. बहुतेक वसाहतींत दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो आणि मुरमात किमान एक फूट तरी पायाचा भाग जायला हवा. खड्डा दीड फूट चौरस आणि एकूण तीन ते साडेतीन फूट खोल घ्यावा. काळी माती खूपच खोल असेल तर खड्डा मोठा घेऊन पायाभोवती काळ्या मातीऐवजी मुरूम भरावा आणि तो थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकावा. काढलेली काळी माती पुन्हा त्याच खड्ड्यात लोटणे ही गवंड्यांची सवय आहे आणि ती त्यांना आधीच बजावून मोडावी लागते.

काँक्रीट एकास दोनास चार या प्रमाणात घ्यावे, म्हणजे एक घमेले सिमेंट, दोन वाळू, चार खडी. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणून त्याला चारही बाजूंनी उतार द्यावा, नाहीतर पाइपच्या बुंध्याशी पाणी साचते आणि पाइप नेमका तिथेच गंजतो. आपल्याकडच्या उन्हात ताज्या काँक्रीटमधले पाणी भराभर उडते, त्यामुळे वर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस ते ओले ठेवावे. सात दिवसांनी काँक्रीटची ताकद साधारण दोन-तृतीयांश झालेली असते. तेव्हा तार लावून हलके कपडे घालायला हरकत नाही, पण चादरींसाठी महिनाभर थांबावे.

खांबासाठी दोन इंची जीआय पाइप, बी क्लासचा किंवा त्याहून जाड. चार तारांचा भार एका टोकाला एकाच खांबावर टाकू नये. दोन्ही टोकांना दोन-दोन खांब घेऊन वर आडवा पाइप वेल्ड करावा आणि वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळालेला असल्यामुळे तिथे झिंकचा रंग दोन हात द्यावा. आतल्या बाजूने ओढ येणार असल्यामुळे खांबाला आतूनच तिरका टेका दिला तर खांब वाकण्याचा प्रश्नच मिटतो. तो टेका पायात येतो अशी तक्रार घरातून होते, म्हणून तो बुंध्यापासून दोन फुटांच्या आतच जमिनीत उतरवावा. पाइपच्या उघड्या तोंडांना टोपी बसवावी.

गच्चीच्या कठड्याला हुक ठोकून तार बांधता येईल का?

एक-दोन हलक्या दोऱ्यांसाठी चालेल. चार तारांसाठी चालणार नाही. गच्चीचा कठडा बहुधा साडेचार इंची विटांचा असतो आणि तो वरून येणारे वजन सोसण्यासाठी असतो, आडवी ओढ सोसण्यासाठी नव्हे. शंभर-दीडशे किलोंची ओढ त्याच्या माथ्याशी लागली की पहिल्या वर्षी प्लास्टरला केसासारखी रेघ येते, दुसऱ्या वर्षी ती रेघ कठड्याच्या बुडाशी पोहोचते, आणि मग तो ओल्या चादरींसह गल्लीत कोसळण्याची वाट पाहायची एवढेच उरते. खाली माणसे ये-जा करतात, याचा विचार करून तरी हा मोह टाळावा.

गच्चीवर आरसीसी कॉलम वर आलेले असतील, किंवा जिन्याची टोपी आणि पाण्याच्या टाकीचे खांब असतील, तर अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, त्यात बसवावेत: दहा मिलिमीटरचे, काँक्रीटमध्ये किमान 80 मिलिमीटर आत जाणारे आणि काँक्रीटच्या कडेपासून किमान 10 सेंटिमीटर आत. ही खोली प्लास्टर सोडून मोजायची असते. ड्रिल केल्यावर भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय फास्टनर ठोकू नये, कारण भुकटीत तो घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की सरकतो.

कॉलम सोयीचे नसतील तर रुंद पायांची, स्वतःच्या वजनावर उभी राहणारी चौकट करून घ्यावी आणि तिच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. गच्चीच्या स्लॅबमध्ये मात्र काहीही झाले तरी भोक पाडू नये. वॉटरप्रूफिंगचा थर एकदा भेदला की त्या भोकातून शिरलेले पाणी भलत्याच खोलीच्या छतातून उतरते.

आमचे घर पेठेतले जुने, दगड-मातीचे आहे. हुक टिकत नाहीत. काय करावे?

साखर पेठ, मंगळवार पेठ, भवानी पेठ अशा जुन्या भागांतल्या अनेक घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या आहेत. फुगून पकड घेणारा फास्टनर अशा भिंतीत पकड घेण्याऐवजी माती चुरतो. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालावा आणि आतून व बाहेरून सहा इंच चौरस लोखंडी पट्टी लावून नट आवळावा, म्हणजे ओढ भिंतीच्या मोठ्या भागावर वाटली जाते. माळवदाच्या लाकडी तुळईला तार बांधायची असेल तर आधी तिला वाळवी लागली आहे का ते टोकदार वस्तू खुपसून पाहावे. हल्लीच्या पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतींनाही साधे फास्टनर चालत नाहीत. त्यांनाही आरपार बोल्ट हाच उपाय.

तार कोणत्या दिशेने आणि कुठे बांधावी?

शक्यतो दक्षिणोत्तर. तशी तार बांधली की सकाळी कपड्यांची एक बाजू आणि दुपारनंतर दुसरी बाजू उन्हात येते. पावसाळ्यातला वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, तो अशा कपड्यांवर आडवा आदळून ओलावा घेऊन जातो, आणि त्या दिवसांत उन्हापेक्षा वाराच कामाला येतो.

सावलीचाही हिशेब करावा. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे 49 अंशांवरच असतो आणि दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे जवळपास नऊ फूट पडते. घराच्या उत्तरेला तार बांधणाऱ्यांनी भिंतीपासून तेवढे अंतर सोडावे, नाहीतर थंडीत चादरी दिवसभर सावलीत राहतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तेव्हा हा प्रश्न नसतो. तेव्हा उलट सावली शोधावी लागते. चूल, पाणी तापवायचा बंब आणि धुळीचा कच्चा रस्ता यांच्या वाऱ्याखाली तार येऊ नये, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

उंची आणि दोन तारांमधले अंतर किती असावे?

कपडे घालणाऱ्या व्यक्तीचा हात वर करून मनगटापर्यंत जी उंची येते, ती योग्य. घरात कपडे वाळत घालण्याचे काम प्रत्यक्ष जी व्यक्ती करते तिला उभे करून खूण करावी. बांधणाऱ्या पुरुषांच्या उंचीने बांधलेल्या तारांमुळे कितीतरी बायका वर्षानुवर्षे टाचा उंचावून ओल्या चादरी फेकत आल्या आहेत. सर्वसाधारणपणे साडेपाच ते सहा फूट उंची होते. चादर मधोमध टाकली की सव्वा मीटरपर्यंत खाली येते, त्यामुळे साडेपाच फुटांवर झोळ धरूनही ती जमिनीला टेकत नाही. दोन तारांमध्ये किमान दीड फूट अंतर ठेवावे. जाण्या-येण्याच्या वाटेवर, विशेषतः गाडी आत आणण्याच्या वाटेवर, तार कधीही आडवी बांधू नये, कारण संध्याकाळच्या उजेडात बारीक तार दिसत नाही आणि ती गळ्याच्या उंचीवर असते.

तारेत वीज उतरण्याचा धोका खरोखर असतो का?

असतो. पावसाळ्यात कपडे वाळत घालताना तारेचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या, आणि त्याला सोडवायला गेलेले दुसरेही दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. हा अपघात कसा होतो ते समजून घेतले तर तो टाळता येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पत्र्याच्या घरांत विजेच्या खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अनेकदा पत्र्याच्या कडेवर टेकलेली असते. वाऱ्याने ती घासत राहते, वरचे आवरण झिजते आणि एके दिवशी आतली तार पत्र्याला लागते. पत्रा लाकडी वाशांवर असेल तर वीज जमिनीत जात नाही, पत्र्यातच राहते आणि कोणाला काही कळत नाही. त्याच पत्र्याच्या पाइपला कपड्यांची लोखंडी तार बांधलेली असते. पाऊस पडून अंगण ओले होते, अनवाणी पायांनी कोणीतरी ओला टॉवेल तारेवर टाकते, आणि वीज त्या शरीरातून जमिनीत जाते. घरात अर्थ लिकेज तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बसवलेले असले तरी हा दोष त्याच्या आधीच्या, खांबाकडून येणाऱ्या वायरमध्ये असल्यामुळे ते उपकरण इथे वाचवू शकत नाही. ही गोष्ट पुष्कळ इलेक्ट्रिशियनही सांगत नाहीत.

म्हणून पत्र्याच्या घराला, पत्र्याच्या शेडला, मीटरच्या पेटीला, विजेच्या खांबाला किंवा त्याला ताणून धरणाऱ्या तारेला धातूची तार बांधूच नये. तिथे नायलॉनची दोरी वापरावी आणि तिची टोकेही पत्र्यापासून वेगळ्या रोवलेल्या खांबांना बांधावीत. कपड्यांच्या तारेवर बल्ब लटकवणे, तिच्यावरून मंडपाची किंवा मोटारीची वायर नेणे, हेही कटाक्षाने टाळावे. गच्चीशेजारून उघड्या विद्युत तारा जात असतील तर घरगुती दाबाच्या तारांपासून बाजूला किमान 1.2 मीटर आणि वर किमान 2.5 मीटर अंतर राहिले पाहिजे; ओली लांब साडी झटकताना ती किती दूर जाते याचा विचार करून मी त्याहून बरेच जास्त अंतर सोडतो. जादा खबरदारी म्हणून धातूच्या तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचा अंडाकृती इन्सुलेटर घालता येतो, पण तो घातला म्हणून वरचा कोणताही नियम सैल होत नाही.

तारेला झिणझिण्या आल्यासारखे जाणवले तर पुन्हा हात लावून खात्री करू नये. कोणी चिकटलेले दिसले तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, आणि तरीही प्रवाह चालू असण्याची शक्यता धरून कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या प्लास्टिकच्या वस्तूने त्याला दूर करावे. महावितरणची तक्रार 1912 या क्रमांकावर नोंदवता येते.

तार प्रत्यक्ष बांधताना क्रम काय असावा?

एका टोकाला आय बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट), दुसऱ्या टोकाला टर्नबकल, असा जोड असतो. तार आय बोल्टमधून वळवताना मध्ये थिंबल, म्हणजे खोबणीचे धातूचे कडे, घालावे, म्हणजे वळणावर तार मुरगळत नाही. वळवलेले टोक यू-क्लॅम्पने पकडायचे, किमान दोन आणि शक्यतो तीन क्लॅम्प घेऊन, आणि त्यातही एक बारकावा पाळायचा: क्लॅम्पचा जाड खोबणीचा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर आला पाहिजे आणि यू आकाराचा गज कापलेल्या आखूड टोकावर. उलटे लावले तर भार घेणारी तार चेपली जाते. टर्नबकल बसवताना तो जवळजवळ पूर्ण उघडा ठेवावा, म्हणजे पुढे आवळायला वाव राहतो. तार लावून झाली की लगेच चादरी घालू नयेत. दोन-तीन दिवस साधे कपडे घालून, क्लॅम्पचे नट पुन्हा एकदा आवळून, मग पूर्ण भार द्यावा. तारेची सुटी टोके टेपने गुंडाळावीत, नाहीतर ती साड्यांचे धागे ओढतात.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गच्ची सामाईक आहे.

सामाईक गच्चीवर कायमची चौकट उभारण्याआधी सोसायटीची लेखी संमती घ्यावी. गॅलरीसाठी छताला टांगायचा, पुलीने वर-खाली होणारा स्टँड उत्तम असतो, कारण तो डोक्यावरची रिकामी जागा वापरतो आणि त्याचा भार थेट स्लॅबवर येतो. त्याचे फास्टनर गॅलरीच्या स्लॅबच्या खालच्या बाजूस बसतात, म्हणून वर कोणाची गॅलरी किंवा गच्ची आहे हे पाहून भोक उथळच घ्यावे. ग्रिलच्या बाहेर दांड्या काढून कपडे टांगणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळवणावर पाणी ठिबकते का, एवढे पाहावे. उन्हाळ्यात खाली पापड-कुरडया असतात.

पावसाळ्यात काय करायचे?

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि घटस्थापनेपूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपली प्रथा नेमकी त्याच सुमारास येते. वर्षातले सर्वांत जड धुणे आणि सर्वांत ओले दिवस असे एकत्र येतात. यावर मी एकच सुचवतो: चारांपैकी एक तरी तार पोर्च किंवा शेडच्या छपराखाली, दोन बाजूंनी वारा खेळेल अशी घ्यावी (छप्पर पत्र्याचे असेल तर विजेच्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे वेगळ्या खांबांना बांधलेली दोरीच), आणि पांघरुणे एकाच दिवशी न काढता उघडीप पाहून दोन-दोन करून धुवावीत. छपराखाली कपड्यांमध्ये चार बोटे अंतर ठेवावे. हळू वाळणाऱ्या कापडात जिवाणू वाढतात आणि कुबट वास येतो. तो साबण वाढवून जात नाही, वारा वाढवूनच जातो. उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वळवाच्या वाऱ्यात मात्र तारेवर चादरी ठेवूच नयेत, कारण ओली चादर वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि आधी हिशेब केलेला सगळा भार ओलांडते.

चादरींचे रंग उडतात आणि टॉवेल कडक होतात, त्याचा तारेशी संबंध आहे का?

काही अंशी आहे. रंग कडक उन्हाने उडतो, म्हणून रंगीत चादर उलटी करून टाकावी आणि एप्रिल-मेमध्ये तर सावलीतच वाळवावी. त्या दिवसांत सावलीतही ती पाहता पाहता वाळते. टॉवेल कडक होण्यामागे दोन कारणे असतात. बोअरचे जड पाणी क्षार मागे ठेवते, आणि स्थिर हवेत वाळताना कापसाच्या तंतूंवर चिकटून राहिलेले थोडेसे पाणी तंतूंना एकमेकांशी सांधून ठेवते. टॉवेल टाकण्यापूर्वी दोन्ही टोके धरून चार-पाच वेळा जोरात झटकावा, वारा लागेल अशा तारेवर टाकावा आणि काढताना पुन्हा झटकावा. आमच्याकडच्या टेरी टॉवेलांचे फासे असे झटकल्यावर पुन्हा उभे राहतात, हे बोट फिरवले की कळते.

छत्रीसारखा फिरता स्टँड किंवा आत गुंडाळली जाणारी दोरी घ्यावी का?

फिरता स्टँड कमी जागेत पुष्कळ कपडे घेतो, पण सगळा भार एका खांबावर असल्यामुळे त्याचा पाया वर सांगितल्यापेक्षाही भक्कम हवा आणि वादळी वाऱ्यात तो मिटलाच पाहिजे. गुंडाळली जाणारी दोरी गॅलरीत रुमाल-मोज्यांसाठी ठीक. चादरीसाठी घेऊ नये.

देखभाल किती करावी लागते?

कपडे घालण्यापूर्वी ओल्या फडक्याने तार एकदा पुसावी, कारण आपल्याकडची धूळ एका रात्रीत बसते आणि ओल्या कपड्यावर काळी रेघ काढते. प्लास्टिकचे चिमटे उन्हाने ठिसूळ होतात, त्यामुळे काम झाले की ते तारेवर न ठेवता पिशवीत टाकून आत न्यावेत. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, क्लॅम्पचे नट, फास्टनरभोवतीचे प्लास्टर, वेल्डिंगचे जोड आणि खांबाचा ओळंबा पाहावा. खांब झुकलेला आढळला तर टर्नबकल आवळून तार वर घेण्याचा प्रयत्न करू नये. आधी तार सैल करावी, बुंध्याशी खणून पाया हलला आहे का ते पाहावे, आणि तो पक्का झाल्यावरच तार पुन्हा चढवावी.